समाजी हसाजी दिवेकर : कोकणच्या बेने इस्रायलांच्या नावांचा इतिहास

यहुदी परंपरेत माणसाचे नाव त्याच्या पूर्वजांशी, नशिबाशी आणि देवाशी जोडलेले मानले जाते. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात आयुष्याला मोठे वळण मिळते तेव्हा नाव बदलते. देवाशी करार झाल्यावर अब्रामाचा अब्राहाम होतो, सारायची सारा होते आणि यब्बोक नदीच्या उतारावर रात्रभर झुंज दिल्यावर याकोबाला इस्राएल हे नाव मिळते. पुढे त्याच्या बारा मुलांची कुळे याच नावाने ओळखली जाऊ लागली आणि एका माणसाला मिळालेले नाव सगळ्या लोकांचे झाले. खुद्द देवाचे नाव चार हिब्रू अक्षरांनी लिहिले जाते, पण उच्चारले जात नाही. वाचताना त्याजागी ‘अदोनाय’, म्हणजे प्रभू, असे म्हणतात आणि बोलण्यात ‘हाशेम’, म्हणजे ‘ते नाव’, एवढ्यावरच भागवतात. ज्या कागदावर हे नाव लिहिलेले असते तो जीर्ण झाला तरी फाडत किंवा जाळत नाहीत. असे कागद वेगळे साठवून दफन करण्याची रीत आहे.

माणसाच्या नावालाही असेच वजन असते. मुलाचे नाव आठव्या दिवशी सुंतेच्या विधीत जाहीर होते आणि ते नेहमी बापाच्या नावाला जोडून उच्चारले जाते : अमुक ‘बेन’ तमुक, म्हणजे तमुकाचा मुलगा. सभागृहात, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळात, तोरा हा धर्मग्रंथ वाचायला बोलावताना, लग्नाचा करार लिहिताना आणि मृताच्या आत्म्यासाठी प्रार्थना करताना हेच जोडनाव लागते. आजाऱ्यासाठी प्रार्थना करताना मात्र आईचे नाव जोडण्याचा प्रघात आहे. माणसावर ओढवलेला वाईट निवाडा कशाने टळतो, याची यादी तालमुद ग्रंथात आहे. तिच्यात दान, प्रार्थना आणि वर्तनातील बदल यांच्या बरोबरीने नाव बदलण्याचाही उल्लेख येतो. म्हणून मरणपंथाला लागलेल्या रुग्णाला ‘हाइम’, म्हणजे जीवन, किंवा ‘राफाएल’, म्हणजे देव बरे करतो, असे जादा नाव देण्याची चाल अनेक यहुदी समाजांत पडली. महाराष्ट्रात मूल जगत नसेल तर पुढच्या मुलाला दगडू, धोंडू किंवा कचरू म्हणत असत. दोन्ही चालींमागे मृत्यूला चकवण्याचा हेतू आहे. फरक असा की मराठी घरात मुलाचे मोल नावाने झाकले जाते, तर यहुदी घरात नावाने आयुष्य मागितले जाते.

या परंपरेचा महाराष्ट्रातला सर्वांत जुना धागा रायगड जिल्ह्याच्या, म्हणजे पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याच्या, किनाऱ्यावरील बेने इस्रायल समाजात सापडतो. हा समाज कित्येक शतके इतर यहुद्यांपासून तुटलेला होता. त्याच्याजवळ हिब्रू ग्रंथ उरले नाहीत, हिब्रू भाषा उरली नाही, धर्मगुरूही नव्हते. सुंता, शनिवारचा विसावा, खाण्यापिण्याचे काही नियम, ‘शमा’ ही छोटी प्रार्थना आणि नावे एवढेच टिकले. समाजाचे नाव, माणसांची नावे, गावांवरून आलेली आडनावे आणि सणांची नावे एकापुढे एक मांडली, तर या समाजाचा बराचसा इतिहास वाचता येतो.

समाजाचे नाव

समाजाच्या पिढीजात कथेनुसार त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागच्या उत्तरेस नवगावजवळ फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि बाकीच्यांची प्रेते किनाऱ्यावर लागली ती तिथेच पुरली गेली. नवगावच्या दफनभूमीला समाजात आजही मान आहे. जहाज केव्हा आणि कुठून आले याबद्दल एकमत नाही. समाजाचे इतिहासकार हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी ते इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात, अँटिओकस एपिफेनीस या ग्रीक राजाच्या छळाच्या काळात, गालीलातून आले असावे असे मानले. त्यांचा ‘द हिस्टरी ऑफ द बेने इस्राएल ऑफ इंडिया’ हा ग्रंथ १८९७ मध्ये लिहून झाला होता, पण तो १९३७ मध्ये तेल अवीवमध्ये छापला गेला.

कोकणात या लोकांनी तेलाचे घाणे चालवले, शेती केली. शनिवारी त्यांचे घाणे बंद असत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. शेजाऱ्यांनी दिलेल्या या नावात त्यांचा धंदा आणि धर्म दोन्ही आले होते. जातिव्यवस्थेत त्यांना जागाही त्यातूनच मिळाली, कारण सोमवारी घाणा बंद ठेवणाऱ्या तेल्यांशेजारी शनिवारी बंद ठेवणारे तेली समजायला कोणालाच अवघड नव्हते.

स्वतःला मात्र ते ‘बेने इस्रायल’ म्हणत, म्हणजे इस्राएलाची लेकरे. ‘यहुदी’ हा शब्द त्यांनी वापरला नाही. याचे एक स्पष्टीकरण केहिमकरांनी दिले आहे. मुसलमान सत्तांच्या प्रदेशात ‘यहुदी’ शब्दाला हिणवण्याची छटा होती, तर ‘बनी इस्राईल’ हे नाव कुराणात आदराने येते आणि कुराणाच्या सतराव्या सूऱ्याला तेच नाव आहे. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या मुलखात राहणाऱ्या लोकांनी हे नाव धरून ठेवणे व्यवहाराला धरूनच होते.

या नावाच्या जोरावर जीव वाचल्याची कथा समाजात सांगितली जाते. समाजी हसाजी दिवेकर हे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत अधिकारी होते. दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात ते आणि त्यांचे भाऊ इसाजी टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. कैद्यांना त्यांचा धर्म विचारला गेला, तेव्हा त्यांनी आपण बेने इस्रायल असल्याचे सांगितले. टिपूच्या आईने कुराणात हे नाव ऐकले होते, पण असा माणूस कधी पाहिला नव्हता, म्हणून तिने त्यांचे प्राण वाचवायला सांगितले. कथेच्या तपशिलात फरक आढळतो, पण सुटका झाल्यावर समाजींनी केलेल्या नवसाचे फळ उभे आहे. १७९६ मध्ये त्यांनी मुंबईत मांडवी भागात ‘शार हारहमीम’, म्हणजे दयेचे द्वार, हे सभागृह बांधले. मुंबईतले ते पहिले यहुदी प्रार्थनास्थळ. त्यासाठी तोराच्या गुंडाळ्या आणायला ते कोचीनला गेले आणि १७९७ मध्ये तिथेच वारले. सभागृहाच्या रस्त्याला सॅम्युएल स्ट्रीट हे नाव पडले. बेने इस्रायल लोक प्रार्थनास्थळाला मशीद म्हणत, त्यामुळे ही जागा ‘जुनी मशीद’ म्हणून ओळखली गेली. जवळच्या मशीद बंदर स्थानकाचे नावही तिच्यावरूनच आले असे सांगितले जाते.

माणसांची नावे

समाजी हसाजी दिवेकर हे नाव तपासून पाहण्यासारखे आहे. समाजी म्हणजे हिब्रू शमुवेल, इंग्रजीतला सॅम्युएल. हसाजी म्हणजे यहेज्केल, इंग्रजीतला इझिकिएल. दिवेकर म्हणजे दिवे गावचा. सभागृहात तोरा वाचायला बोलावताना ह्याच माणसाला ‘शमुवेल बेन यहेज्केल’ म्हणून हाक पडणार. स्वतःचे नाव, मग बापाचे नाव हा हिब्रू क्रम मराठी रीतीत जसाच्या तसा बसला. ‘बेन’ हा शब्द गाळला तरी अर्थ हरवत नव्हता, कारण मराठीत मधले नाव बापाचेच असते. हिब्रू येणारा एकही माणूस गावात नसताना हिब्रू वंशावळ पिढ्यान्‌पिढ्या उच्चारली गेली, त्याला मराठी नावाची ही तीन पदरी घडण कारणीभूत होती.

अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतील बेने इस्रायल पुरुषांची नावे बहुधा याच घडणीची आढळतात. अब्राहामाचा आबाजी, इसहाकाचा इसाजी, याकोबाचा अकुबजी, योसेफाचा इसुबजी, मोशेचा मुसाजी, दावीदाचा दाऊदजी, बन्यामीनचा बन्नाजी आणि एलीयाचा एलोजी. आबाजी किंवा इसाजी हे नाव मराठ्यांत, ब्राह्मणांत, कुणब्यांतही असे. गावच्या पाटलाला त्यात परके काही वाटले नसते. घरच्यांना मात्र त्यामागचा अब्राहाम ठाऊक होता.

या रूपांत आणखी एक थर दडलेला आहे. मुसा, दाऊद, अकुब, इसुब ही रूपे हिब्रू मोशे, दावीद, याकोब, योसेफ यांच्यापेक्षा अरबी-फारसी उच्चाराला जवळची आहेत. नावे बायबलमधली असली तरी कोकणातल्या तोंडांत ती मुसलमानी जगातून फिरून आलेली दिसतात. ती अरबी समुद्राच्या व्यापारी बंदरांतून आली की सिद्दी आणि निजामशाही अंमलात घडली, हे केवळ नावांवरून ठरवता येत नाही. पण हा समाज बाहेरच्या जगापासून पूर्णपणे बंद होता या समजुतीला त्यामुळे धक्का बसतो.

स्त्रियांच्या नावांची गोष्ट वेगळी होती. केहिमकरांच्या काळापूर्वी बायकांची नावे बहुतांश शेजारच्या हिंदू बायकांसारखीच असत. सभागृहात तोरा वाचायला बायकांना बोलावत नसत आणि वंशावळ बापाच्या नावाने चाले. त्यामुळे मुलीच्या हिब्रू नावाची गरज विधीत क्वचितच पडे आणि तिथे शेजाराचा प्रभाव मोकळेपणाने पडला. मुलाचे नाव सुंतेच्या विधीत जाहीर होई. त्यावेळी एलीया संदेष्ट्यासाठी एक खुर्ची राखून ठेवतात, कारण प्रत्येक सुंतेला तो हजर असतो अशी श्रद्धा आहे. मुलीचे नाव मात्र मराठी घरांतल्या बारशासारखे पाळण्यात घालून ठेवले जाई.

एलीयाचे नाव तर या समाजात नवसाला पावणारे नाव ठरले. ‘एलियाहू हन्नाबी’, म्हणजे संदेष्टा एलीया, याच्या नावाने मलिदा करतात. भिजवलेल्या पोह्यांत ओले खोबरे आणि साखर घालून ते ताटात रचतात, वर केळी आणि इतर फळे मांडतात, त्याच्या नावाचे हिब्रू पद म्हणतात आणि मग प्रसाद वाटतात. लग्नाआधी, नवे घर घेतल्यावर, आजारातून उठल्यावर किंवा नवस फेडताना मलिदा होतो. अलिबागजवळ खांडाळे येथे एका खडकावरच्या खुणा एलीयाच्या घोड्याच्या टापांच्या आणि रथाच्या चाकाच्या आहेत असे मानतात. इस्राएलमधून येणारे मराठी यहुदीही तिथे दर्शनाला जातात. हाक मारली की धावून येणारा संत ही कल्पना कोकणातल्या पीर आणि दैवतांच्या शेजारात सहज रुजली, पण हाक मारायचे नाव बायबलमधलेच राहिले.

नावांवरून वंश शोधण्याचे प्रयत्न

एकोणिसाव्या शतकात मुंबईत आलेल्या ख्रिस्ती मिशनऱ्यांना या समाजाबद्दल फार कुतूहल वाटले. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये या समाजासाठी हिब्रूचे मराठी व्याकरण काढले. बायबलमधील उत्तरेच्या राज्यातली दहा कुळे अश्शूरी राजांनी देशोधडीला लावल्यावर हरवली अशी कथा आहे. बेने इस्रायल हे त्यांचेच वंशज असावेत, असा तर्क विल्सन यांनी केला. त्यांनी आणि त्यांच्या मागून आलेल्या निरीक्षकांनी पुढे केलेल्या पुराव्यांत नावेही होती. पुरुषांत रऊबेन हे नाव फार आवडते, यहूदा हे नाव जवळजवळ आढळत नाही आणि बायकांत एस्तेर नाव दिसत नाही, असे त्यांनी नोंदवले. यहूदा हे दक्षिणेच्या राज्याचे नाव, एस्तेर ही त्यानंतरच्या पारसिक काळातली नायिका, आणि ‘यहुदी’ऐवजी ‘इस्राएल’ हे स्वनाम. यावरून या लोकांची ताटातूट फार आधी झाली असावी, असे त्यांना वाटले.

हा युक्तिवाद मोहक आहे, पण कच्चा आहे. एखादे नाव न आढळण्यावरून फार काही सिद्ध होत नाही. समाज लहान होता, नावे घराण्यांत फिरत होती आणि एक आवडते नाव दुसऱ्याला सहज मागे सारते. पुढे एस्तेर हे नाव समाजात आले तेव्हा त्याला कोणी हरकत घेतली नाही.

विल्सन यांच्यापूर्वीच बाहेरचा एक यहुदी इथे येऊन गेला होता असे परंपरा सांगते. त्याचे नाव दाविद रहाबी. त्याने बायकांसमोर निरनिराळे मासे ठेवले. त्यांनी पर आणि खवले असलेलेच मासे निवडले, तेव्हा हे आपले लोक आहेत अशी त्याची खात्री पटली. त्याने झिराड, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतील तिघांना धर्मविधी शिकवले आणि ते काजी म्हणून ओळखले गेले. त्याचा काळ काही जण बराच जुना मानतात, तर इतिहासकार त्याची सांगड अठराव्या शतकातील कोचीनच्या रहाबी या व्यापारी घराण्याशी घालतात. यहुदी धर्मविधी चालवणाऱ्याला ‘काजी’ हा मुसलमानी न्यायाधिकाऱ्याचा किताब मिळाला आणि प्रार्थनागृहाला ‘मशीद’ म्हटले गेले. जंजिऱ्याच्या मुलखात धार्मिक अधिकार दाखवायला हेच शब्द हाताशी होते.

गावांवरून आडनावे

बेने इस्रायल आडनावांत शंभराहून अधिक कोकणी गावे सापडतात. किहीमचे केहिमकर, पेणचे पेणकर, चौलचे चेऊलकर, थळचे थळकर, कुरुळचे कुरुळकर, नवगावचे नवगावकर, नागावचे नागावकर, राजपुरीचे राजपूरकर, रोह्याजवळच्या अष्टमीचे अष्टमकर, तळ्याचे तळकर, श्रीवर्धनजवळच्या गालसुऱ्याचे गालसूरकर. झिराड घराण्याने तर ‘कर’ न लावता गावाचेच नाव घेतले. नकाशावर ही गावे जोडली तर अलिबाग, पेण, रोहे, मुरूड आणि श्रीवर्धन यांच्या भोवतीचा पट्टा उमटतो. हा समाज शहरात येण्यापूर्वी कोणत्या गावांत विखुरलेला होता हे सांगणारी दुसरी एवढी सलग नोंद नाही. एकेका गावात त्यांची एक-दोनच घरे असत. म्हणूनच मुंबई-पुण्यात आल्यावर गावाचे नाव घराण्याची खूण म्हणून पुरेसे झाले.

‘कर’ लावण्याची चाल ही पश्चिम महाराष्ट्राची आणि विशेषतः कोकण-गोव्याची. ती राज्यभर सारखी नाही. तापीच्या खोऱ्यात आणि सातपुड्यात वसलेल्या नंदुरबार जिल्ह्यात पाडवी, वळवी, गावित, वसावे, तडवी, पावरा ही आडनावे जास्त ऐकू येतात आणि ती गाव नव्हे तर कूळ किंवा जमात सांगतात. आपले माणूस कोणाचे हे तिथे कुळावरून कळते, कोकणात गावावरून. बेने इस्रायल समाजाने बारा कुळांची आठवण जपूनही कुळाचे आडनाव घेतले नाही, शेजाऱ्यांसारखे गावाचे घेतले. वंशाची बाजू बापाच्या नावाने सांभाळली जात होती, आडनाव फक्त ठिकाण सांगत होते. त्यामुळे दिवेकर, दांडेकर, पेणकर ही आडनावे यहुदी, ब्राह्मण आणि इतर जातींतही सापडतात. आडनावावरून धर्म कळत नाही, त्याला पहिले नाव जोडावे लागते.

आंग्र्यांच्या आरमारात नाईक असलेले आरोन चरीकर यांच्या नावातही हीच जोडणी दिसते. आरोन हे मोशेच्या भावाचे नाव, चरी हे अलिबागजवळचे गाव.

शाळा, पलटण आणि नव्या रूपांतली जुनी नावे

इंग्रजी अमलात समाजातले पुष्कळ लोक कंपनीच्या पलटणीत, पुढे रेल्वेत, टपालात आणि कचेऱ्यांत गेले. मिशनरी शाळांत मराठी बायबल हाती आले आणि समाजी म्हणजे शमुवेल, हसाजी म्हणजे यहेज्केल हे ग्रंथातून नव्याने उमगले. १८४६ मध्ये मुंबईत वल्हांडणाच्या विधीची ‘हग्गादा’ ही पोथी मराठी भाषांतरासह निघाली, १८७४ मध्ये पुण्यातही एक निघाली. १८७५ मध्ये केहिमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत इस्राएली शाळा काढली. पुढे बगदादी यहुदी दानशूर सर एली कदूरी यांच्या देणगीनंतर माझगावच्या या शाळेला त्यांचे नाव मिळाले. नवगावकर घराण्यातल्या रिबेका रूबेन (१८८९–१९५७) या शाळेच्या दीर्घकाळ मुख्याध्यापिका होत्या.

या काळात आबाजी, बन्नाजी मागे पडले आणि अब्राहाम, बेंजामिन आले. पण नव्या पिढीने हिब्रू उच्चार घेतला नाही, इंग्रजी बायबलमधला घेतला. मोशे न होता मोझेस झाले, शलमोन न होता सॉलोमन. मुलींची नावेही बायबलकडे वळली : सारा, रिबेका, राहेल, लीआ, हन्ना, एस्तेर. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. जेरुशा झिराड (१८९०–१९८३), ज्यांना १९६६ मध्ये पद्मश्री मिळाली, यांचे नाव तर राजांच्या पुस्तकात एकदाच येणाऱ्या राजमातेचे आहे. एवढे आडवळणाचे नाव निवडायला घरात बायबल बारकाईने वाचले गेलेले असावे लागते.

पलटणीच्या आणि कचेरीच्या यादीत पहिले नाव आणि शेवटचे नाव अशी दोनच घरे असत. त्यात अनेकांचे गाव गळाले आणि बापाचे किंवा आजोबांचे नाव आडनावाच्या जागी बसले. कवी निसीम इझिकिएल (१९२४–२००४) यांचे घराणे तळकर, पण साहित्यात ते इझिकिएल म्हणूनच ओळखले गेले. १९३७-३८ मध्ये मुंबईचे महापौर झालेले डॉ. एलायजा मोझेस हे राजपूरकर. वरळीच्या डॉ. ई. मोझेस रोडच्या नावात ते आडनाव नाही. ‘डेव्हिड’ या एकाच नावाने हिंदी चित्रपटांत ओळखले गेलेले अभिनेते म्हणजे डेव्हिड अब्राहाम चेऊलकर (१९०९–१९८२). अहमदाबादचे प्राणिसंग्रहालय उभारणारे रूबेन डेव्हिड हे दांडेकर. चारही उदाहरणांत ‘अमुक बेन तमुक’ ही जुनी हिब्रू जोडणी वर आली आणि कोकणातले गाव खाली गेले.

सभागृहांना नावे देताना मात्र समाजाने सुरुवातीपासून हिब्रू धरली. मुंबईत शार हारहमीमनंतर १८४० च्या सुमारास दुसरे सभागृह झाले, तेव्हा पहिली ‘जुनी’ आणि ही ‘नवी मशीद’ ठरली. अलिबागचे मागेन आबोत, म्हणजे पूर्वजांची ढाल, १८४८ मधले, आणि ज्या गल्लीत ते आहे तिला गावाने ‘इस्रायल आळी’ म्हटले. पुण्यातले ओहेल दाविद हे बगदादी यहुद्यांचे सभागृह विटांच्या लाल रंगामुळे ‘लाल देऊळ’ झाले. एका धर्माच्या इमारतीला मुंबईत मशीद आणि पुण्यात देऊळ हे नाव पडले, ते ज्या लोकांत ती उभी होती त्यांच्या बोलीवरून.

सणांची मराठी नावे

हिब्रू विसरलेल्या समाजाने सणांना घरगुती मराठी नावे ठेवली होती. वर्षारंभाला ‘नव्याचा सण’ म्हणत. प्रायश्चित्ताच्या उपवासाला ‘दारफाळणीचा सण’ म्हणत, कारण त्या दिवशी दारे लावून घरात बसत आणि इतर जातींच्या लोकांशी संपर्क टाळत. दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’, त्यात गरिबांना दान देत. मांडवांच्या सणाला त्या दिवशीच्या पदार्थावरून ‘खिरीचा सण’ आणि यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाल्याच्या शोकदिवसाला ‘बिरड्याचा सण’ म्हणत. पुरीम या सणाला ‘होळीचा सण’ म्हणत, कारण तो त्याच सुमारास येतो. वल्हांडणाला ‘अनाशी ढाकाचा सण’ हे नाव होते. त्या दिवसांत आंबवणाचे मडके झाकून ठेवत, खमीर वर्ज्य असल्याची आठवण त्यात राहिली.

या नावांत इतिहासाची कथा नाही, स्वयंपाकघर आहे. मिसरमधून सुटका किंवा मंदिराचा नाश सांगणारे ग्रंथ गेले, पण दारे लावणे, खीर करणे, मडके झाकणे ही कृती आईकडून मुलीकडे गेली आणि नाव त्या कृतीवरून पडले. पुरुषांच्या नावांनी वंश जपला, तर सणांच्या नावांनी आचार जपला, आणि हे दुसरे काम मुख्यतः बायकांनी केले. ग्रंथ परत आल्यावर दोन्ही बाजू जुळवता आल्या. १८८० मध्ये बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या मराठी कीर्तनांनी बायबलमधल्या कथा मराठी चालींत घराघरांत पोचवल्या. अब्राहाम आणि योसेफ ही नावे पुन्हा कथेसकट ऐकू येऊ लागली.

इस्राएलमध्ये गेल्यावर

१९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र स्थापन झाले तेव्हा भारतात बेने इस्रायल सुमारे वीस हजार होते. पुढच्या काही दशकांत बहुतेक तिकडे गेले आणि अश्दोद, लोद, दिमोना, बेअरशेबा अशा शहरांत स्थायिक झाले. ज्या नावाने म्हैसूरच्या कैदेत प्राण वाचल्याची कथा होती, तेच नाव तिथे अडचणीचे झाले. यहुदी कायद्यात लग्न आणि घटस्फोटाचे कागद नेमके लागतात. घटस्फोटपत्रात तर पतिपत्नींची सर्व नावे आणि टोपणनावे लिहावी लागतात, नाहीतर ते बाद ठरते. कोकणात शतकानुशतके असे कागद झाले नव्हते. म्हणून या समाजाच्या विवाहांबद्दल काही धर्मगुरूंनी शंका काढली. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला प्रमुख रब्बींच्या कचेरीने एक निर्देश काढला. त्यात बेने इस्रायल समाजाचे नाव घेऊन त्यांच्या विवाहांसाठी पूर्वजांची चौकशी सांगितली होती.

समाजाने सत्याग्रह केला आणि धरणे धरले. सर्वांना जो नियम तोच आम्हाला लागू असावा, कागदात वेगळे नाव पाडू नये, ही मागणी होती. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने बेने इस्रायल सर्व बाबतींत पूर्ण यहुदी असल्याचा ठराव केला. त्यानंतर निर्देशातून समाजाचे नाव काढून सर्वसाधारण भाषा वापरली गेली.

नव्या देशात माणसांची नावे पुन्हा बदलली. मोझेसचा मोशे झाला, सॅम्युएलचा शमुएल, आणि मुलांना आधुनिक हिब्रू नावे मिळाली. काहींनी हिब्रू आडनावे घेतली, पण पुष्कळांनी ‘कर’ टिकवले. भारतात यहुदीपण सांगायला पहिल्या नावाची गरज होती. इस्राएलमध्ये सगळ्यांचीच पहिली नावे बायबलमधली, त्यामुळे पेणकर, दिवेकर, दांडेकर ही आडनावेच आता वेगळेपण, म्हणजे मराठीपण, सांगू लागली.

भारतात उरलेला समाज आता काही हजारांचा आहे, मुख्यतः मुंबई, ठाणे आणि रायगडात. जून २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने यहुद्यांना अल्पसंख्य समाजाचा दर्जा दिला. विवाहनोंदणी, शाळाप्रवेश आणि जनगणना अशा ठिकाणी ‘इतर’ या रकान्यात मोडणाऱ्या लोकांना त्यामुळे आपल्या नावाने नोंद करण्याचा आधार मिळाला.